घाबरलेल्या माणसासाठी दार

तात्यांच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात नव्या मासिकांवर शिक्के मारत होते. "मॅडम, बाबा गेले," तो म्हणाला. "सकाळी सव्वानऊला." मग म्हणाला, "तुम्ही सावकाश या. धावत येऊ नका, बाबांना धावणारी माणसं आवडायची नाहीत." मी शिक्का खाली ठेवला, काउंटर लावून घेतला आणि खरंच सावकाश गेले.

तात्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माणसं मावत नव्हती. आत तात्यांना ठेवलं होतं आणि आत जायच्या दारात चपलांचा हा ढीग. येणारा प्रत्येकजण त्या ढिगावर चपला काढत होता आणि जाणारा प्रत्येकजण त्यात अडखळत होता. गावात मासे विकणारी लीलामावशी तात्यांच्या पायाशी बसून मोठ्याने रडत होती. रडता रडता तिचं लक्ष दाराकडे गेलं, आणि ती पदराने नाक पुसत ताडकन उठली. "आदी त्यो चपल्यो बाजूक करा बघया! तात्यांनी बगल्यानी तर उठान बसतले!"

मग कोपऱ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता सगळं मयताचं घर हसत होतं... तात्यांची सून तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रशांतने स्वतः वाकून चपला उचलल्या, भिंतीच्या कडेने दोन रांगा लावल्या. मधली वाट मोकळी झाली. त्या वाटेने आम्ही तात्यांना बाहेर आणलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. तात्या कोण होते, असं बाहेरच्या कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या वाचनालयाच्या हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे 'संध्याकाळी दारे बंद करणारे' असं लिहिलेलं आहे. ते खरंच आहे. पण दारं बंद करण्यापेक्षा ती उघडतात की नाही हे बघण्यातच त्या माणसाचं म्हातारपण गेलं.

आमचं वाचनालय दुमजली. खाली पुस्तकं आणि पेपर वाचायची खोली, वर दीडशे माणसांचं सभागृह. वर जायला आतून लाकडी जिना. सभागृहाच्या मागच्या बाजूला आणखी एक दार, त्याला लागून बाहेर लोखंडी जिना, तो खाली काजूच्या झाडाखाली उतरतो. बारा वर्षांपूर्वी त्या मागच्या दाराने चोर शिरला आणि इन्व्हर्टरची बॅटरी, माईक आणि उद्घाटनाची पितळी समई घेऊन गेला. आमचे अध्यक्ष अण्णा, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी दुसऱ्याच दिवशी खिडक्यांना गज बसवून घेतले, मागच्या दाराला बाहेरून जाडजूड साखळी घातली आणि तिला नारळाएवढं कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात. शिवाय संध्याकाळी इमारत नीट बंद करायला एक जबाबदार माणूस ठेवायचा, असा ठराव झाला. तात्या तेव्हा जहाजावरची नोकरी संपवून गावात येऊन बसले होते आणि बसून कंटाळले होते.

पहिल्या दिवशी मी त्यांना इमारत दाखवली. साठी उलटलेला, उन्हाने रापलेला, बुटका माणूस. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, असं विचारायचा मला धीर झाला नाही. मागच्या दाराशी आल्यावर त्यांनी फटीतून साखळीकडे बराच वेळ बघितलं.

"बाय, ह्या कुलूप कोणासाठी?"

"चोरांसाठी, तात्या."

"आणि भुतूर मानसा आसताना काय इपरीत झाला तर?"

"किल्ली अण्णांकडे असते."

"म्हणजे आग लागली तर आदी अण्णांच्या घराकडे जावचा, चाय झाली काय इचारूचा, आणि मगे किल्ली मागूची?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी अण्णांना गाठलं. कार्यक्रम असेल तेव्हा तरी साखळी काढा, एवढंच मागणं. अण्णांनी त्यांना मुख्याध्यापकी आवाजात समजावलं की आपल्या गावात आजवर सभागृहाला आग लागलेली नाही, चोरी मात्र झालेली आहे, आणि शहाण्या माणसाने झालेल्या गोष्टीवरून शिकावं. तात्या "बरा" म्हणून परत आले. साखळी तशीच राहिली.

पण जे हातात होतं ते तात्या करत. रोज बंद करायच्या वेळी ते सगळी इमारत फिरायचे. कपाटांच्या मागे, स्टेजखाली, दोन्ही संडासांत. प्रत्येक ठिकाणी एकदा ओरडायचे, "कोण रवलो आसा काय रे?" आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. मला या प्रकाराचा फार कंटाळा यायचा. मी शेजारच्या कट्टा गावात राहते, संध्याकाळची पावणेसातची एस.टी. चुकली तर पुढे हाल. रिकाम्या संडासाच्या उत्तराची वाट बघत थांबणारा माणूस मला विक्षिप्त वाटायचा.

मग ती संध्याकाळ आली. तात्या प्रशांतला गाडीत बसवून द्यायला नांदगाव स्टेशनवर गेले होते. बंद करायचं काम माझ्याकडे. एस.टी.चा हॉर्न ऐकला, मी दिवे घालवले, पुढच्या दाराला कुलूप ठोकलं आणि पळाले. अण्णा तेव्हा वर होते, संडासात. पुढे काय झालं ते मी बघितलेलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून गावातल्या प्रत्येकाने मला ते इतक्या वेळा सांगितलं, की मीच तिथे उभी होते असं आता वाटतं.

अण्णा बाहेर आले तर अंधार. चाचपडत खाली आले, पुढचं दार बंद. मोबाईल घरी चार्जिंगला. परत वर गेले, मागच्या दाराची आतली कडी काढली, दार बोटभर किलकिलं झालं आणि साखळीला अडलं. किल्ली त्यांच्याच खिशात होती... पण कुलूप होतं बाहेर. फटीतून हात जाईना. अण्णांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेले गज खिडकीला होते. त्या गजांतून त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. लीलामावशी रिकामी टोपली घेऊन घरी चालली होती. तिने वर बघितलं.

"अण्णानू, थंय काय करतास?"

"लीला, ही किल्ली घे आणि मागचं दार उघड!"

अण्णांनी किल्ली फेकली. ती खाली सायकलींच्या शेडच्या पत्र्यावर जाऊन बसली. तोवर बाजारातली माणसं जमली. सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे साखळी कापा, कोणी म्हणे अण्णांना जेवण पाठवा आणि सकाळी बघू. ज्यांना अण्णांनी शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं असे चाळिशीतले चारपाच बाप्ये अगदी शांतपणे वर बघत उभे होते, ते कसलीही मदत करायच्या घाईत नव्हते. असा पाऊण तास गेला. मग नांदगावहून परतणारे तात्या तिथे उतरले. त्यांनी काहीही न विचारता शेजारच्या घरातून आंबे काढायची काठी आणली, पत्र्यावरची किल्ली तिच्या जाळीत ओढून घेतली, लोखंडी जिना एकेक पायरी चढत वर गेले आणि कुलूप काढलं. अण्णा बाहेर आले. घामाने न्हालेले. तात्यांनी त्यांच्या हातात किल्ली दिली आणि खालच्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अण्णानू, चोर गावलो."

अण्णा दोन दिवस वाचनालयात फिरकले नाहीत. माझी बोलणी खायची तयारी होती. पण तात्यांनी परस्पर सांगून टाकलं होतं, 'चूक माझी, मीच बायला नीट शिकवलं नाही.' तिसऱ्या दिवशी अण्णा आले, खुर्चीत बसले आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "मागच्या दाराचं काय करायचं ते तात्या ठरवतील." त्या दिवसापासून मीही संडासाच्या दारात उभी राहून हाक मारायला लागले.

तात्यांनी ठरवलं ते असं. दार आत उघडतं ते बाहेर उघडलं पाहिजे, कारण आत गर्दी लोटली की आत उघडणारं दार उघडतच नाही. बाहेरून त्याला मूठ नको, कडी नको, किल्लीचं भोक नको, चोराला धरायला काहीच नको. आतून मात्र आडवा दांडा, ढकलला की दार उघडलं पाहिजे आणि सोडलं की आपोआप मिटलं पाहिजे. असा दांडा आमच्याकडे कुठे मिळणार? तात्यांचा भाचा दोडामार्गहून रोज गोव्यात हॉटेलच्या कामाला जातो. तिथे एक जुनं हॉटेल नवं करत होते, मोडीत निघालेल्या दाराचा दांडा त्याने विचारून आणला. मेस्त्रीला दोन रविवार लागले. दार बाहेर उघडायला लागलं तशा बिजागऱ्याही बाहेर आल्या; चोर त्यांच्या पिना काढील म्हणून तात्यांनी त्या वेल्ड करून घेतल्या. मग परीक्षा सुरू झाली. तात्यांनी सहा वर्षांच्या मुलीला दार उघडायला लावलं. ऐंशीच्या यशोदाकाकीला लावलं. चहाचा ट्रे दोन्ही हातांत धरून मला पाठीने उघडायला लावलं. अण्णांना तर डोळ्यांवर रुमाल बांधून उघडायला लावलं आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाने ते निमूट केलं.

"एवढं कशाला, तात्या?" मी शेवटी विचारलं. "दार आहे, लोक उघडतील."

"बाय, दार शाण्या मानसासाठी करूचा नसता. भियालेल्या मानसासाठी करूचा. भियालेल्या मानसाक कडी दिसना नाय, किल्ली गावना नाय, तेका सोताचा नावय आठवना नाय. तेका एकच जमता. ढकलूक."

दार झालं आणि नवीच कटकट सुरू झाली. लोकांना ते फार आवडलं. कार्यक्रम चालू असताना कोणी विडी ओढायला त्या दाराने बाहेर पडे आणि परत येता यावं म्हणून खाली धोंडा ठेवी. त्या धोंड्यावरून दशावतार बघायला फुकट प्रेक्षक आत येत, एकदा तर एक कुत्रा थेट राजाच्या दरबारात येऊन बसला. तात्यांना साखळीचा जितका राग, तितकाच त्या धोंड्याचा. "उघडा टाकलेला दार म्हणजे दार न्हय, भोक!" म्हणत त्यांनी धोंडे काजूच्या बुंध्याशी रचले आणि दाराच्या वर बैलाच्या गळ्यातली एक मोठी घंटा टांगली. दार उघडलं की घणघणाट. विडीवाले बंद झाले. पण एका पाहुण्या कवीच्या कार्यक्रमात त्या घंटेने कहर केला. कवी पावणेदोन तास वाचत होते आणि एकेक श्रोता आवरेनासा होऊन मागच्या दाराने सटकत होता. दर वेळी घणघण. कवी थांबायचे, घंटा शांत होऊ द्यायचे, पुढची कविता घ्यायचे... अकराव्या घंटेला त्यांनी वही मिटली आणि मला म्हणाले, "तुमच्या गावात देऊळ फार जवळ आहे हो." मी होय म्हटलं.

आता लोकांना दाराची सवय करायची राहिली होती. बोटीवर जशी दर आठवड्याला कवायत, तशी इथे वर्षातून दोनदा तरी, असा तात्यांचा हट्ट. पहिल्या कवायतीला त्यांनी शिट्टी फुंकली आणि "आग! आग!" म्हणून ओरडले. पेपर वाचणारे बारा जण होते, एकही हलला नाही. त्यातला एक पेपराआडून म्हणाला, "खरीच लागली काय सांग. तवसर माजो अग्रलेख होता वाचून." दुसऱ्या वेळी सभेला आलेले सगळे उठले, पण ज्या दाराने आले होते त्याच पुढच्या दाराकडे गेले, जिन्यात अडकले आणि तिथेच उभे राहून गप्पा मारायला लागले. तात्या त्या रात्री जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या खेपेला त्यांनी आधी कोणाला काही सांगितलं नाही. महिला मंडळाची सभा भरली होती, मुलंही होती. मी खाली काउंटरवर. एकदम वरून तात्यांची शिट्टी आणि पाठोपाठ आरोळी, "मागल्या दारान भजी! गरम भजी! मागल्या दारान या!"

काजूच्या झाडाखाली खरोखरच कढई चढवली होती. सभागृह रिकामं झालं. तात्या जिन्याच्या तळाशी मनगटावरच्या घड्याळात बघत उभे होते. "एक मिनीट धा सेकंद," ते म्हणाले. "बोटीर आसते तर निम्मे बुडले आसते." पण त्यांचा चेहरा काही लपत नव्हता. तेव्हापासून कवायत म्हणजे भजी, असंच झालं. समितीत एकाने याला पोरकटपणा म्हटलं. अण्णांनी त्याला गप्प बसवलं, कारण अण्णांनाही भजी आवडायची.

आणि मग तीन वर्षांपूर्वीची ती दुपार. वर हळदीकुंकू. नव्वदेक बायका, त्यांची पोरं, माईकवर उखाणे. मी खाली पुस्तकं लावत होते. जळक्या रबराचा वास आला. लाकडी जिन्याखाली मीटरचा बोर्ड आहे, त्यातून काळा धूर निघत होता, आणि बघता बघता जिन्याच्या कठड्यावर एक पिवळी जीभ चढली. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? दिवाळी अंकांचं कपाट. लाज वाटते सांगायला, पण मी त्या कपाटाकडे धावले. तात्यांनी माझा दंड धरला.

"बाय, भायरचा मेन बंद कर आणि भायरच रव. पुस्तका रवांदी."

आणि बहात्तर वर्षांचा तो माणूस, तोंडावर पंचा धरून, त्याच जिन्याने वर गेला.

वर काय झालं ते लीलामावशीने सांगितलं. धुराचा वास बायकांना लागला होता. दोघीतिघी उठून जिन्याकडे निघाल्या, त्यांच्या मागे दहा. त्या जिन्याच्या तोंडाशी पोचतात तोच धुरातून तात्या वर आले. दोन्ही हात पसरून ते वाटेत उभे राहिले, शिट्टी फुंकली आणि जीव खाऊन ओरडले, "भजी! मागल्या दारान भजी!"

"माका वाटला, म्हातारो खुळो झालो," लीलामावशी म्हणते. "पण पोरा पळाली ना! पोरा पळाली म्हणान आवशी पळाल्यो."

मी मेन बंद करून पुढच्या अंगणात उभी होते. वरून किंकाळ्या येतील म्हणून मी कान दाबून घेतले होते. पण त्यातूनही मला ती घंटा ऐकू आली. थांबतच नव्हती. घणघण, घणघण, घणघण... दार एकदाही मिटत नव्हतं. मी वळसा घालून मागे धावले, तर लोखंडी जिन्यावरून पोरं, आया, हळदीकुंकवाची तबकं, सगळं ओघळावं तसं खाली येत होतं. सगळ्यात शेवटी तात्या. त्यांनी आल्याआल्या मोजायला घेतलं. दुसऱ्यांदा मोजलं. मग विचारलं, "यशोदाकाकी खंय?"

यशोदाकाकी नव्हती. तिची सून छाती पिटायला लागली. तात्यांनी नळाखाली पंचा भिजवला आणि कोणी अडवायच्या आत परत वर गेले. ते दार बाहेरून उघडत नाही, हे तेवढ्यात मला आठवलं. पण एक बाई आधीपासूनच वर दारात उभी होती, उघडं दार पाठीने रेटून धरून. लीलामावशी. "तात्या भुतूर जातले ह्या माका म्हायत होता," एवढंच ती नंतर म्हणाली.

किती वेळ गेला, देव जाणे. मग तात्या आले. खोकत, पाठीवर यशोदाकाकी. तिच्या हातात एक चप्पल. ती पुढच्या जिन्याकडे गेली होती, कारण कालच घेतलेल्या चपला तिने तिथे काढल्या होत्या. खाली टेकवल्याबरोबर तिने तात्यांना विचारलं, "दुसरी खंय रवली मरे?"

गावातल्या पोरांनी वाळू मारून आग विझवली. बोर्ड गेला, अर्धा जिना गेला, दिवाळी अंकांचं कपाटही गेलं. माणूस एकही गेला नाही. पण गोंधळ संपला नव्हता. काजूच्या झाडाखाली पंचवीस पोरं भोकाड पसरून रडत होती, कारण भजी नव्हती. अण्णा धावतपळत आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्या पोरांकडे बघितलं आणि वळून हॉटेलकडे चालू लागले. "मुलांना शब्द दिलाय आपण," ते म्हणाले. तासाभराने परातीत भजी आली. धुराच्या वासात, काळी तोंडं घेऊन सगळ्यांनी ती खाल्ली.

तात्यांनी खाल्ली नाही. ते लोखंडी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मी पाणी घेऊन गेले आणि पेला त्यांच्या तोंडाशी धरला. मग ते माझ्याशी बोलले. वर्षानुवर्षं एका इमारतीत काम करून जे कधी बोलले नव्हते ते. बोटीवर ते सामानाच्या कोठारावर होते. डबे चोरीला जात होते म्हणून त्यांनी कोठाराच्या मागच्या वाटेला स्वतःच कुलूप घातलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. महिन्याने स्वयंपाकघरात तेल पेटलं आणि सखाराम नावाचा त्यांचा जोडीदार त्या वाटेने पळाला. नांदगावचा, एकाच दिवशी दोघे बोटीवर चढलेले. "मी किल्ली हुडकी होतंय, बाय. खिशातच होती. माका गावना नाय." कुलूप तोडून सखारामला काढलं. वाचला. दोन्ही हातांची कातडी गेली. त्यानंतर सखाराम त्यांच्याशी बोलला नाही. चाळीस वर्षं.

मी एक आगाऊपणा केला. आमच्या वार्षिक अंकात त्या दुपारची हकिकत लिहिली, बोटीचा एक शब्दही न घालता, आणि एक प्रत नांदगावच्या सखारामांना पाठवून दिली. तात्यांना सांगितलं नाही.

दोनेक महिन्यांनी दुपारी एक उंच म्हातारा काउंटरशी आला. "ता दार खंय आसा?" त्याने विचारलं. काउंटरवर ठेवलेले हात बघून मी ओळखलं. तळव्यांची कातडी ताणलेली, चकाकणारी. मी त्यांना वर घेऊन गेले. तात्या खुर्च्या लावत होते. त्यांनी मान वर केली आणि हातातली खुर्ची तशीच हातात राहिली. सखाराम त्यांच्याकडे न बघता सरळ दाराकडे गेले, दोन्ही तळवे दांड्यावर ठेवले, ढकललं. घंटा वाजली. ते बाहेर गेले आणि दार त्यांच्यामागे मिटलं.

मग काहीच घडेना. आम्ही दोघं आत, ते बाहेर. थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

"रे... आता भुतूर कसो येव?"

तात्यांनी खुर्ची खाली ठेवली. चाळीस वर्षांनी ते सखारामांशी बोलत होते. "खालसून वळसो घालून ये. भायरसून उघडणा नाय ता."

आणि मग त्या लोखंडी जिन्यावर सखाराम हसायला लागले, आधी हळू, मग मोठ्याने, खोकला लागेपर्यंत. "खुळ्या," त्यांचा आवाज आला, "ह्या वेळेक माका भायर कोंडलंस?" तात्यांनी दांडा ढकलला आणि तेही बाहेर गेले. दार मिटलं. मी खिडकीतून बघितलं, दोघे पायरीवर खांद्याला खांदा लावून बसले होते. नांदगावच्या शेवटच्या गाडीपर्यंत बसले.

तात्यांची छाती त्या धुरानंतर कधी धड झाली नाही, असं प्रशांत म्हणतो. तात्या म्हणायचे, विड्यांनी गेली. मी त्यांना शेवटचं भेटले ते इस्पितळात, जायच्या आदल्या दिवशी. नाकात नळी, बोलायला दम नाही. मला खुणेने जवळ बोलावलं. वाटलं, काहीतरी निरोप असेल. ते म्हणाले, "त्या कोपऱ्यात पाटी आसा... तेच्या खालचा दार उघडता काय, बगून ये." मी गेले. 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशा पाटीखालच्या दारासमोर मोडकी खाट, गाद्या आणि सलाईनचे स्टँड रचलेले. मी परत येऊन काहीतरी गोड बोलणार होते, पण त्यांचे डोळे बघून तसं जमेना. मी सिस्टरबाईंना गाठलं. त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "ते सतरा नंबरचे आजोबा ना? तीन दिवस माझ्या मागे आहेत." आम्ही दोघींनी मिळून खाट हलवली, गाद्या उचलल्या. मी दार ढकललं. करकरत उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं. परत येऊन म्हटलं, "उघडता, तात्यानू." त्यांनी डोळे मिटले. "माजा काय खरा नाय," ते पुटपुटले, "पण ह्या बाकीच्यांचा..."

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीचं लग्न होतं, कणकवलीला, नव्या मंगल कार्यालयात. मी हॉलमध्ये शिरले आणि वधूवरांच्या आधी माझी नजर भिंतींवर फिरली. दुसरं दार सापडलं, जेवणाच्या दालनात, गुलाबजामच्या टेबलाच्या बरोब्बर मागे. मी केटररला टेबल हलवायला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, ह्या दार कोणच वापरणा नाय." मी सांगितलं, तरीही हलवायचं. बहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, बरं वाटत नाही का. वरपक्षाकडचे एक काका गुलाबजामची बशी हातात धरून हे सगळं बघत होते. शेवटी टेबल हललं, पाकाची एक रेघ फरशीवर सोडून. मी दार ढकललं. उघडलं. मागच्या अंगणात दोन बायका कांदे सोलत बसल्या होत्या. त्यांनी भरल्या डोळ्यांनी वर बघितलं. "काय व्हया?" एकीने विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं, आणि दार हलकेच ओढून घेतलं.